आत्याकडे दादरला गेल्यावर २८ किलोमीटर कुठे धावायचे?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तू घाटंजी तालुक्यातली. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन, आयुष्यातली पहिली. डिसेंबरात पंधरा दिवस दादरला आत्याकडे राहायचंय आणि सरावातले सगळ्यात लांब दोन रविवार नेमके त्याच पंधरवड्यात आले आहेत, एक २८ किलोमीटरचा आणि एक २५ च्या आसपासचा. मोबाईलवर शोधलं की बागा दिसतात, जॉगिंग ट्रॅक दिसतात, चारशे-पाचशे मीटरच्या फेऱ्या. तुला हवाय लांब, न अडणारा आणि बघण्यासारखा रस्ता. शिवाय आत्या म्हणतेय, पहाटे एकटी कुठे जाशील बाई?

मी पुलगावकडची. शाळेत पी.टी. शिकवते, पोलीस भरतीच्या पोरींचे ८०० आणि पोरांचे १६०० मीटर करून घेते, आणि सतरा वर्षं झाली, स्वतः लांब पल्ल्याचं धावते. लग्न, ट्रेनिंग, कुणाचा दवाखाना, कशाच्या ना कशाच्या निमित्ताने मोठ्या शहरात जावंच लागतं. बॅगेत आधी बूट जातात, मग साड्या. त्यामुळे तुझ्या प्रश्नावर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. रस्ता शोधताना सुंदर काय आहे हे नंतर बघायचं, न तुटणारं काय आहे हे आधी बघायचं. लांब धावण्याचा जीव सलग असण्यात आहे. तीन तास पाय एका लयीत चालले पाहिजेत. दर चारशे मीटरला सिग्नलपाशी उभं राहिलीस तर घड्याळात २८ दिसतील, पण पायांना २८ चा अनुभव मिळणार नाही. आणि खरं सांगते, जो रस्ता सलग असतो तो बहुतेक वेळा सुंदरही असतो. त्याचं कारण तुला तुझ्याच भागातून कळेल.

आपण गावाकडे लांबचं कुठे धावतो? कालव्याच्या रस्त्याने. का? तर एका बाजूला पाणी असतं आणि पाण्याच्या बाजूने कुणी आडवं येत नाही. ना फाटा, ना ट्रॅक्टर, ना ढोरं. दुसरं म्हणजे कालवा अगदी बेताच्या उतारावर खणलेला असतो, पाणी आपसूक वाहावं म्हणून, त्यामुळे त्याच्या काठचा रस्ता सपाट मिळतो. शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांच्या बाजूने चाललीस तर तिथेही हेच जाणवेल, आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून रूळ सपाटीवरून नेलेले असतात. शहरातही हाच हिशेब. समुद्र, नदी, तलाव, टेकडी, विद्यापीठाचं मोठं आवार, रेसकोर्स, या सगळ्या शहराच्या कडा आहेत. तिथे चौक संपतात. शहराच्या मधोमध रस्ता शोधशील तर सिग्नलच मिळतील, कडेकडेने शोधशील तर कालवा मिळेल.

हे मला शिकवलं एका फजितीने. एका मोठ्या शहरात नातेवाइकांकडे उतरले होते, नव्या वस्तीत. रात्री मोबाईलच्या नकाशावर बोट फिरवून २२ किलोमीटरचा वळसा आखला. नकाशावर हिरवे तुकडे दिसत होते, एक बारीक निळी रेघ दिसत होती, म्हटलं छान आहे. पहाटे निघाले. तिसऱ्या किलोमीटरला उड्डाणपूल, त्यावर पायी जायला बंदी. खालून गेले तर पलीकडे जायला जागाच नाही. पहिला हिरवा तुकडा निघाला एका सोसायटीची खासगी बाग, गेटवर वॉचमन. दुसरा हिरवा तुकडा लष्कराची हद्द, आणि लष्करी डेपो असलेल्या पुलगावच्या बाईला लष्कराच्या गेटपाशी वळायचं असतं हे कुणी सांगावं लागत नाही. निळी रेघ म्हणजे सांडपाण्याचा नाला. उजाडलं तशी वाहनं वाढली. अडीच तास बाहेर होते, धावले जेमतेम तेरा किलोमीटर, आणि त्यात किती वेळा थांबले ते मोजायचंही सोडून दिलं. चूक शहराची नव्हती. वावर न बघता पेरणी केली होती मी.

तेव्हापासून नकाशा असा बघते. आधी साधा नकाशा पूर्ण लहान करून बघायचा, शहर तळहाताएवढं दिसेल इतका. आता निळं कुठे आहे आणि मोठं हिरवं कुठे आहे ते बघ. लहान हिरवे ठिपके सोडून दे. मग उपग्रहाचं चित्र लावून त्या निळ्याच्या काठाने बोट फिरव, काठावर पायवाट किंवा पदपथ आहे का, की घरं थेट पाण्याला भिडली आहेत? जिथे शंका वाटेल तिथे रस्त्यावरून काढलेले फोटो उघड, स्ट्रीट व्ह्यू म्हणतात तो. फूटपाथ आहे का, दुभाजकावर कठडा आहे का, फाटक दिसतं का, हे सगळं त्यात कळतं. तिसरी पायरी स्ट्राव्हा या धावणं नोंदवणाऱ्या अ‍ॅपचा हीटमॅप. लोक जिथे जास्त धावतात तिथे रेघ उजळ दिसते. ही रेघ म्हणजे त्या शहरातल्या हजारो पायांनी दिलेली साक्ष आहे. उजळ रेघ लांब आणि सलग असेल तर रस्ता चांगला समज. उजळ पण आखूड आणि गोल असेल तर ती बाग आहे.

आणि एक वाट लोकांच्या लक्षातच येत नाही. ज्या शहरात मॅरेथॉन होते त्या शहराने रस्ता आधीच शोधून, मोजून ठेवलेला असतो. दरवर्षी नकाशा जाहीर होतो, तो उतरवून घ्यायचा. फक्त हे विसरू नको की स्पर्धेच्या दिवशी रस्ते बंद असतात, एरवी नसतात. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये लोक वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून धावतात, ५.६ किलोमीटरचा तो पूल बघून तुलाही मोह होईल. एरवी त्यावर पायी जायला मनाई आहे. पूल सोडून उरलेला रस्ता आपला.

आता दादर. तुझं नशीब चांगलं आहे, आत्या दादरला राहते. शिवाजी पार्कचा कट्टा तिथून हाकेच्या अंतरावर. त्याची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची. आठवड्यातल्या छोट्या धावण्याला ती चांगली, पहाटे चारपासून तिथे माणसं असतात. पण २८ साठी तिथे २३ फेऱ्या मारू नको, डोकं फिरेल. पार्काला सुरुवातीची जागा मान आणि दक्षिणेकडे नीघ.

रस्ता असा. शिवाजी पार्कपासून सावरकर मार्गाने सिद्धिविनायक, प्रभादेवी, मग वरळीला समुद्राकडे वळायचं. वरळी सी फेसला पोचलीस की उजव्या हाताला पाणी सुरू होतं आणि मागे वळून बघितलंस तर सागरी सेतूचे दिवे दिसतात. तिथून पुढे हाजी अली. हाजी अलीहून पेडर रोडचा चढ, मग केम्प्स कॉर्नरला उतरून गिरगाव चौपाटी. तिथे मरीन ड्राइव्ह लागतो, ३.६ किलोमीटर, एका बाजूला समुद्र आणि पुढे नरिमन पॉइंटपर्यंत एकही चौक आडवा नाही, फक्त पदपथाच्या समुद्राकडच्या बाजूने राहा. शिवाजी पार्क ते नरिमन पॉइंट हे सगळं मिळून पंधरा-सोळा किलोमीटर भरतं. मग नरिमन पॉइंटहून चौपाटीपर्यंत परत जाऊन यायचं, सात किलोमीटर. झाले २३. उरलेल्या पाचासाठी गेटवे ऑफ इंडियाकडे जा आणि फिरून ये. रविवारी पहाटे तो भाग शांत असतो. गेटवेच्या कमानीसमोर एक मिनिट उभं राहून पाणी पी, १९२४ साली बांधून झालेली ती कमान एरवी गर्दीत धड दिसत नाही. शेवट चर्चगेट स्टेशनवर. घरी पायी यायचं नाही, लोकलने यायचं.

हा लोकलचा भाग नीट समजून घे, कारण मुंबईत धावणाऱ्याला मिळालेली ही सगळ्यात मोठी सोय आहे. आपल्याकडे जेवढं गेलं तेवढं परत यावंच लागतं. दहा गेलीस की दहा परत. एसटीची वेळ धावण्यासाठी कोण सांभाळणार? मुंबईत रूळ समुद्राला जवळपास समांतर जातात. म्हणून एकाच दिशेने धावायचं, संपेल तिथून गाडी पकडायची. रस्ता दुप्पट लांब आणि दुप्पट वेगवेगळा मिळतो. शिवाय पाय गेलेच तर मध्ये कुठेही जवळ स्टेशन आहे, महालक्ष्मी, ग्रँट रोड, चर्नी रोड, मरीन लाइन्स. रविवारी मेगाब्लॉक असतो, पण तो सहसा उशिरा सकाळी सुरू होतो, तोवर तू घरी असशील. तरी आदल्या दिवशी बातमी बघून ठेव.

पेडर रोडचा चढ मुद्दाम सांगते. जानेवारीच्या स्पर्धेत हाच चढ तुला शेवटी शेवटी, पस्तिसावा किलोमीटर उलटून गेल्यावर भेटण्याची शक्यता आहे. तेव्हा पाय लाकडाचे झालेले असतात. चढ म्हणून तो फार मोठा नाही, आपल्या चिखलदऱ्याच्या घाटाच्या नखाएवढाही नाही, पण त्या वेळी तो भिंतीसारखा वाटतो. डिसेंबरात ताज्या पायांनी तो एकदा पाहिलेला असला की स्पर्धेत ओळखीचा वाटतो. कुठे वळण आहे, कुठे चढ संपतो, हे डोक्यात राहतं. पाहुणी म्हणून गेलीस आणि स्पर्धेचाच रस्ता सरावाला मिळाला, याहून चांगलं काय?

वेळेचा हिशेबही आत्ताच करू. तुझा लांबचा वेग किलोमीटरला सात मिनिटं धरू. सव्वापाचला शिवाजी पार्कहून निघालीस तर सातच्या सुमारास मरीन ड्राइव्हच्या शेवटाला पोचशील. मुंबई आपल्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य यवतमाळपेक्षा साधारण वीस मिनिटं उशिरा उगवतो. डिसेंबरात सातच्या आसपास. म्हणजे गावाकडे ज्या वेळेला तुला तुरीच्या ओळी दिसायला लागतात त्या वेळेला तिथे अजून अंधार असेल, घाबरू नको, रस्त्यावर दिवे आहेत. आणि मरीन ड्राइव्हची गंमत अशी की तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य इमारतींच्या मागून वर येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ पदपथावर इमारतींची सावली राहते. शेवटचे कठीण किलोमीटर सावलीत जातात. हे मी पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की पुढच्या प्रत्येक शहरात मी नकाशावर पूर्व कुठे आहे हे आधी बघायला लागले. तूही बघत जा. सकाळी धावायचं तर पाणी पश्चिमेला आणि इमारती किंवा टेकडी पूर्वेला, अशी जागा सगळ्यात चांगली.

मला आठवणारं मरीन ड्राइव्ह सांगते. पहाटेची भरती होती. कठड्याखाली सिमेंटचे तिहेरी-चौहेरी पायांचे दगड टाकलेत, लाटा त्यांच्यात घुसून गुडगुड आवाज करत होत्या, मोठ्या रांजणात पाणी ओतावं तसा. दिव्यांची ओळ वाकत वाकत लांब मलबार हिलपर्यंत गेलेली, तिला राणीचा हार का म्हणतात ते तेव्हा समजलं. ओठांवर मीठ लागत होतं, घामाचं की समुद्राचं कळत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ बनियनवर हळूहळू धावत आले, माझ्या बाजूने जाताना हात वर केला आणि पुढे गेले. कुणी वळून बघितलं नाही, कुणी विचारलं नाही, ताई कोणत्या गावच्या, काहून पळता. आपल्याकडे इतकी वर्षं धावूनही नवीन रस्त्याला लागले की पानठेल्यावरची नजर पाठीवर जाणवते. तिथे पाठ मोकळी होती. समोरच्या गोल कोपऱ्यांच्या जुन्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत हे मला नंतर कळलं, त्या दिवशी फक्त एवढंच दिसलं की गच्च्यांवरून उजेड खाली उतरत होता.

कोस्टल रोडबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सांगेलच म्हणून लिहिते. त्या रस्त्याला लागून समुद्राकाठी नवा लांब पदपथ झालाय, २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. गाड्यांच्या मुख्य रस्त्यावर पायी जायचं नाही, पदपथावर जायचं आणि तिथे पोचायला ठरावीक ठिकाणीच भुयारी वाटा आहेत. म्हणून रविवारी अंधारात प्रयोग करू नको. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी आत्याला घेऊन फिरायला जा, आत-बाहेर कुठून होतं ते बघ, आवडलं तर वरळी ते हाजी अलीचा तुकडा त्यावरून घे.

जुहूची चौपाटी मी लांब धावण्याला सांगणार नाही. फोटो छान येतात. पण वाळू पाण्याकडे उतरती असते, एक पाय सतत वर आणि एक खाली पडतो, दहा किलोमीटरला कंबर बोलायला लागते. भरतीची वेळही रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, काल जिथे टणक वाळू होती तिथे आज पाणी. ओहोटीला अनवाणी अर्धा तास चाल, पायांना बरं वाटेल.

दुसऱ्या रविवारसाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शहराच्या पोटात १०३-१०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. दादरहून लोकलने बोरिवली, तिथून उद्यानाचं फाटक पायी जाण्यासारखं. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता साधारण सहा किलोमीटर, शेवटी चांगला चढ. दोनदा जाऊन आलीस की २४ भरतात. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून जास्त बौद्ध लेणी तिथे आहेत, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांच्या आसपासची. दुसऱ्या फेरीत पायऱ्या चढून वर थोडं बस. पण एक सांगते, तिथे बिबटे आहेत, हे नुसतं भीती घालायला नाही. टिपेश्वरच्या वाघांच्या जंगलाशेजारी वाढलेल्या पोरीला हे समजावून सांगायला नको. पूर्ण उजाडल्याशिवाय आत जायचं नाही, एकटीने जायचं नाही, कानात गाणी लावायची नाहीत. उघडण्याच्या वेळा आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून घ्यायचं. उशिरा सुरुवात होईल, ऊन लागेल, म्हणून २८ समुद्रावर आणि २५ जंगलात असं मी ठरवलंय, उलटं करू नको.

मुंबईत तुला सगळ्यात जास्त त्रास रस्त्याचा नाही, हवेचा होणार आहे. आपल्याकडे डिसेंबरची पहाट कोरडी. घाम येतो आणि उडून जातो, अंग गार होतं. मुंबईत हवेतच इतका ओलावा असतो की घाम उडत नाही, नुसता गळतो, अंग तापलेलंच राहतं. थर्मामीटरवर वीस दाखवत असेल, पण धडधड गावच्या पंचवीस-सव्वीससारखी होते. म्हणून पहिला आठवडा वेग विसर. मी किलोमीटरमागे वीस ते तीस सेकंद सोडून देते आणि श्वासावर धावते, बोलता येतंय का एवढंच बघते. तहान नसली तरी दर अर्ध्या तासाला लिंबू, मीठ, साखरेचं पाणी. पट्ट्याला अर्धा लिटरची बाटली लाव, संपली की भरून घे, पहाटे पाचलाच चहाच्या टपऱ्या आणि स्टेशनवरची दुकानं उघडतात, पाण्याची चिंता नाही. आणखी एक, हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यातच अडकतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर नावाचं अ‍ॅप आहे, त्यात निर्देशांक बघ. २०० च्या वर म्हणजे 'खराब'. त्या दिवशी मी २८ चे १५ करते आणि उरलेलं मनाला लावून घेत नाही.

पायाखालच्या जमिनीचंही सांगायला हवं. तू मुरमाच्या पांदणीवर आणि गावच्या डांबरी सडकेवर धावणारी. मुंबईत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. काँक्रीट टणक, नडग्यांना लगेच कळतं. पेव्हर ब्लॉक कुठे वर आलेला, कुठे खचलेला, अंधारात ठेच लागते. पहाटे जिथे वाहनं नाहीत तिथे फूटपाथवरून उतरून डांबराच्या कडेने धाव, वाहनांकडे तोंड करून, म्हणजे येणारी गाडी तुला दिसेल. अंगावर चमकणारी पट्टी हवीच. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा जीपीएस चुकतो, रेघ इमारतींवरून उड्या मारते आणि अंतर जास्त दाखवते. तिथे किलोमीटरचे दगड नाहीत आपल्यासारखे. म्हणून अशा भागात मिनिटं मोजते, किलोमीटर नाही. तीन तास वीस मिनिटं धावलीस की तुझे २८ झाले असं समज.

आता आखलेला रस्ता आदल्या दिवशी डोळ्यांनी बघ, हे सगळ्यात महत्त्वाचं. बेस्टच्या बसमध्ये खिडकीशी बसून वरळीपर्यंत जा. कुठे खोदकाम चालू आहे, कुठे पत्रे लावून फूटपाथ बंद आहे, कुठे उकिरडा आहे ते बघ. उकिरडा आणि मटणाची दुकानं जिथे, तिथे कुत्र्यांची टोळी, ती पहाटे तिथेच असणार. कुत्री आली तर पळायचं नाही, थांबायचं, चालत पुढे व्हायचं, हे तू गावात शिकलेलीच आहेस.

बायकांची एक अडचण कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. गावात तुरीच्या आड जाता येतं, शहरात आडोसा नाही. म्हणून रस्ता आखतानाच स्वच्छतागृहं नकाशावर खूण करून ठेव. स्टेशनांवर असतात, मरीन ड्राइव्हच्या बाजूनेच चर्नी रोड, मरीन लाइन्स आणि चर्चगेट अशी तीन स्टेशनं ओळीने आहेत. सुट्टे पैसे जवळ ठेव. निघण्याआधी चहा अर्धा कपच घे.

दुसऱ्या शहरांचं थोडक्यात, कारण बाकीच्यांनाही लागेल. नागपूरला गेलात तर सिव्हिल लाइन्सची जुनी झाडं, जपानी गार्डन, सेमिनरी हिल्स, फुटाळा आणि अंबाझरी हे एकमेकांना जोडून घ्यायचं, नागपूरचं सगळं निळं-हिरवं त्या पश्चिमेच्या पट्ट्यात आहे. पुण्यात सपाट लांब रस्ता शोधण्यात वेळ घालवू नका, तिथलं सौंदर्य टेकड्यांवर आहे. वेताळ टेकडीवर जा, अंतर कमी धरा आणि वेळ तेवढाच ठेवा. हैदराबादला हुसेन सागरचा वळसा साधारण दहा किलोमीटरचा पडतो. कोणत्याही शहरात रविवारी पहाटे धावणाऱ्यांचे गट निघतात, एखाद्याला थांबवून विचारलंत तर तो हातातलं सोडून रस्ता सांगतो. धावणारी माणसं याबाबतीत सगळीकडे सारखी भेटली मला.

राहिली आत्या. तिच्याशी वाद घालू नको, तिची काळजी खरी आहे. विदर्भ एक्सप्रेसने धामणगावहून बसलीस की सकाळी मुंबईत उतरशील. शक्यतो गुरुवारी नाहीतर शुक्रवारी पोच, रात्रभर गाडीत बसलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी २८ करायचे नाहीत. शनिवारी पहाटे आत्याला शिवाजी पार्कला घेऊन जा आणि कट्ट्यावर बसव. तिच्या वयाच्या किती बायका साडी आणि बुटात फेऱ्या मारतात ते तिला बघू दे. तुझं लाइव्ह लोकेशन तिच्या मोबाईलवर सुरू करून दाखव. तिचा नंबर, तुझा रक्तगट आणि ११२ असं लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून कमरेच्या पाकिटात ठेव, मोबाईल बंद पडला तर तीच कामाला येईल. आणि तिला नुसतं घरी वाट बघत बसवू नको, काम दे. रविवारी साडेआठला कोरडा टॉवेल, टी-शर्ट, चपला आणि दोन केळी घेऊन चर्चगेटला यायला सांग. मग दोघी मिळून एखाद्या इराण्याकडे बन-मस्का खा.